तळे, पडका किल्ला आणि कडा : पायी फिरून शिकण्याचे भौतिकशास्त्र

सहलीला निघताना तुमच्या पिशवीत काय काय असते? डबा, पाण्याची बाटली, टोपी. पुढच्या सहलीला आणखी चार वस्तू घ्या : कंपासपेटीतला कोनमापक, हातभर दोरा, एक लोखंडी नट आणि शाई संपलेल्या पेनची नळी. एवढ्या सामानात तळे, किल्ला आणि डोंगराचा कडा तुमच्याशी बोलू लागतात. कसे ते पाहण्यासाठी आपण जुन्या जालन्यातून निघू आणि देवगिरीच्या पायथ्याशी थांबू.

कुंडलिका नदीने जालन्याचे दोन भाग केले आहेत. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. येथे आसफजाहच्या आज्ञेवरून काबील खानाने १७२५ मध्ये एक गढी बांधली. लोक तिला मस्तगड म्हणतात. तिच्या आत एक मोठी विहीर आहे आणि विहिरीच्या पोटात कोरलेली दालने आहेत. शहराभोवतीचा मातीचा तट मात्र केव्हाच ढासळला. आता मोती तलावाकडे चला. हा तलाव गढीपेक्षाही जुना. मलिक अंबरच्या काळात जमशेद खान येथील अधिकारी होता, त्याने तो बांधला. आणि तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून गावातल्या हौदांत आणले.

येथे क्षणभर थांबा आणि स्वतःला प्रश्न विचारा. त्या काळी वीज नव्हती, पंप नव्हता. मग पाणी गावात आले कसे?

उत्तर तुमच्या गल्लीत काम करणाऱ्या गवंड्याला विचारा. भिंतीची पातळी पाहण्यासाठी तो पाणी भरलेली एक लांब पारदर्शक नळी वापरतो. नळीचे एक टोक या कोपऱ्यात, दुसरे त्या कोपऱ्यात. मधली नळी जमिनीवर कशीही वेडीवाकडी पडलेली असो, दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत उभे राहते. आता एक टोक थोडे खाली धरा. पाणी तेथून बाहेर वाहू लागेल. तलाव म्हणजे उंच धरलेले टोक आणि गावातला हौद म्हणजे खाली धरलेले टोक! नळ जमिनीखालून गेला, मध्ये थोडा खाली उतरून पुन्हा चढला, तरी बिघडत नाही. शेवटचे टोक तलावाच्या पातळीपेक्षा खाली असले म्हणजे झाले. पाणी ओढण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते आणि त्याचे बिल येत नाही.

ही गोष्ट केवळ इतिहासातली नाही. निजामाच्या राजवटीत बांधलेल्या घाणेवाडीच्या जलाशयातून नव्या जालन्याला पाणी मिळाले तेही याच तत्त्वावर. उलट गोदावरीवरच्या जायकवाडीचे पाणी जालन्याला आणायचे तर ते पंपांनी वर चढवावे लागते. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलोग्रॅम वजन. ते फक्त एक मीटर उचलायला ९८०० जूल ऊर्जा लागते. मग शहराचे रोजचे पाणी उचलायला किती लागत असेल, याचा हिशेब तुम्हीच मांडा.

पण उंचावरचे तळे गाळाने भरले तर? समजा, एका तळ्याचे क्षेत्रफळ १० हेक्टर, म्हणजे १ लाख चौरस मीटर आहे. तळाशी अवघा एक सेंटीमीटर गाळ साचला तर १००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाण्याची जागा गेली. माणशी रोज १०० लिटर धरले तर हे दहा हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. गाळाचा एक सेंटीमीटर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही! २०१२ च्या दुष्काळाने जालन्याला हा हिशेब फार कठोरपणे शिकवला. घाणेवाडीतला गाळ काढण्यासाठी नागरिक स्वतः पुढे आले आणि शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या शेतांत नेऊन टाकला. जालन्यात एके काळी पाच तलाव होते असे सांगतात. त्यांतला मोठा म्हणावा असा एक मोती तलाव तेवढा उरला.

आता कडा पाहू. जालन्याच्या आसपास जमीन बरीचशी सपाट. कड्यासाठी पश्चिमेकडे जायला हवे. एस. टी.ने छत्रपती संभाजीनगर गाठा, तेथून दौलताबादची गाडी पकडा. भिल्लम यादवाने बाराव्या शतकात राजधानी केलेली हीच देवगिरी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी हलवली तीही येथेच.

सुमारे २०० मीटर उंचीची ही एकटी टेकडी लांबून पाहा. आसपासच्या डोंगरांना पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. एखादा थर घट्ट व कठीण, तर एखादा बुडबुड्यांनी पोखरलेला आणि मऊ. मऊ थर लवकर झिजतो, वरच्या कठीण थराचा आधार जातो आणि त्याचे उभ्या भेगांवर तुकडे पडतात. म्हणून कडा सरळ उभा राहतो. या खडकाचे ‘ट्रॅप’ हे नाव ‘पायरी’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. वरून मुरलेले पाणी भेगांतून उतरते, घट्ट किंवा मातकट थराशी अडते आणि आडवे पाझरते. आपल्या कितीतरी डोंगरी किल्ल्यांवर भर उन्हाळ्यात पाण्याची टाकी भरलेली दिसतात, त्याचे एक कारण हे.

देवगिरीचा खालचा कडा मात्र निसर्गाने केलेला नाही. टेकडीच्या उताराला सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत माणसांनी छिन्नी-हातोड्याने तासून उभी भिंत केली आणि तिच्या पायाशी खंदक खोदला. या किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीलाही डोंगरातल्या तळ्यांचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून येत असे. जालन्याचीच विद्या येथेही.

या कड्याची उंची कशी मोजाल? काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन येथे आलो होतो. खंदकावरच्या पुलाशी एकाने खोली मोजण्यासाठी दगड उचलला. मनगटावरचे घड्याळ तयार होते. इतक्यात पहारेकरी ओरडला, “सर, पोरांना आवरा! वर बघा!” वर कड्याला आग्या मोहोळ लटकत होते. मुलाचा हात खाली आला, माझ्या मात्र अंगाला घाम फुटला. कारण दगड टाकून खोली मोजण्याचे ते गणित वर्गात मीच सोडवून दिले होते. परतताना आम्ही आकडे मांडून पाहिले. दोन सेकंदांत दगड १९.६ मीटर पडतो, अडीच सेकंदांत ३०.६ मीटर. घड्याळ दाबताना अर्ध्या सेकंदाची चूक झाली की ११ मीटरांचा फरक! म्हणजे पद्धत धोक्याची होतीच, शिवाय कच्चीही होती. म्हणून सांगतो, किल्ल्यावर दगड टाकू नका, आरडाओरडा करू नका, धूर करू नका.

त्याऐवजी पिशवीतल्या चार वस्तू काढा. पेनची नळी कोनमापकाच्या सरळ कडेला चिकटवा. मध्यबिंदूपाशी दोरा बांधून त्याला नट लटकवा, झाला ओळंबा. कोनमापकाची सरळ कड वर ठेवून नळीतून समोर आडवे पाहिले की दोरा ९० वर येतो. कड्याचा माथा नळीतून पाहा. दोरा ४५ वर आला म्हणजे माथा तुमच्या डोळ्यापासून ४५ अंश वर आहे. तेथे खूण करा. आता त्याच रेषेत, सपाट जमिनीवरून, सरळ मागे चालत जा. दोरा साडेत्रेसष्टावर आला, म्हणजे कोन साडेसव्वीस अंश झाला, की थांबा. दोन खुणांमधले अंतर हीच तुमच्या डोळ्यांच्या पातळीपासून कड्याची उंची! त्यात जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मिळवा.

असे का? ४५ अंशांवर कड्याचे अंतर उंचीइतकेच असते. साडेसव्वीस अंशांवर ते उंचीच्या दुप्पट होते. वजाबाकी केली की एक उंची उरते. कड्याच्या पायापर्यंत जावे लागत नाही, त्यामुळे खंदक आडवा आला तरी अडत नाही. दूरच्या खुणेवर एका अंशाची चूक झाली तर ५० मीटरांत सुमारे ४ मीटरांचा फरक पडेल. म्हणून दहा जणांनी मोजा आणि सरासरी काढा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. देवगिरी दूर असेल तर आपल्या गावचे तळे जवळ असते. मे महिन्यात त्याचे काठ पावलांनी मोजा, पाण्याच्या पातळीची खूण एखाद्या पक्क्या दगडावर करा आणि वही शाळेत जपून ठेवा. पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच दगडाशी पुन्हा मोजमाप करील. गढीचा तट ढासळला तर सर्वांना दिसतो. तळे मात्र गुपचूप भरत जाते. ते किती भरले हे सांगणारी एक वही गावात असायलाच हवी. ती तुमच्या शाळेत असू द्या.