आवडत्या कलावंताची लोकप्रियता

आपला आवडता कलावंत सर्वांचा झाला, की त्याच्या पहिल्या चाहत्यांस आनंद होतोच असे नाही. अमेरिकेतील ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाचा इतिहास याची साक्ष देतो. १९८१ साली लॉस एंजेलिस येथे निघालेल्या या वृंदाने ‘मेटल’ संगीतात अतिद्रुत लय आणि दीर्घ, गुंतागुंतीच्या रचना यांवर कीर्ती मिळविली. १९८८ सालच्या संग्रहातील शीर्षकगीत तर जवळजवळ दहा मिनिटांचे होते. परंतु अशा रचनांनी रंगमंचासमोरील श्रोते कंटाळतात, हे वादकांच्याच ध्यानी आले. म्हणून १९९१ साली निर्माते बॉब रॉक यांच्या साहाय्याने त्यांनी लय संथ व रचना आटोपशीर केल्या. काळ्या वेष्टनाच्या त्या संग्रहाच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या.

जुन्या चाहत्यांस ही बाजाराला शरणागती वाटली. नव्यांस त्यात संयम दिसला. वस्तुतः १९८४ साली एका संथ गीतावरही हाच आक्षेप आला होता. हातोहात फिरणाऱ्या ध्वनिफितींतून वाढलेले ते संगीत जुन्यांस आपल्या लहानशा मंडळीची खूण वाटे. ती खूण सर्वांच्या हाती गेली, हे त्यांचे खरे दुःख होय. ते दुःख खोटे नाही. मात्र त्यावरून गीताची योग्यता ठरत नाही.