विदर्भाचा करंडक आणि खेळातील अनुशेष

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच नागपूरला नेला. कित्येक दशके या स्पर्धेत खेळणाऱ्या या संघाने तोपर्यंत अंतिम सामनादेखील गाठला नव्हता. साहजिकच ‘चमत्कार’ हा शब्द त्या दिवसांत वारंवार कानी पडला. अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास तो फारसा रुचत नाही. खर्चाची जी बाजू आपण पाहिलेली नसते, तिच्या फळाला पुष्कळदा हे नाव दिले जाते.

महाराष्ट्रात ‘विदर्भ’ म्हटले की पाठोपाठ ‘अनुशेष’ हा शब्द येतो. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांतील प्रादेशिक तूट मोजली. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा भरला आणि त्यातील सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या विदर्भाचा होता. समितीने क्रिकेटची मैदाने मोजली नव्हती, हे ठीकच झाले. तेथील आकडा याहून फारसा सुखद निघाला नसता. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचणारा पहिला खेळाडू उमेश यादव. कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा कसोटी खेळला तो २०११ साली.

मग सहा वर्षांत असे काय घडले? वस्तुतः जे घडले त्याचा आरंभ आधीच झाला होता. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून नियामक मंडळाकडे येणाऱ्या पैशाचा वाटा सर्वच राज्य संघटनांना मिळत होता. नागपूरच्या संघटनेने तो जामठ्याच्या मैदानात (तेथे पहिली कसोटी २००८ मध्ये झाली), प्रशिक्षण अकादमीत आणि प्रशिक्षकांच्या मानधनात गुंतविला. पेण-डोलवी भागातून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा समजावून सांगण्यास सायास पडत नाहीत. पोलादाची भट्टी पेटण्यापूर्वी किती वर्षे भांडवल अडकून पडते, हे डोलवीत राहणाऱ्यास ठाऊक असते. पहिले पोलाद बाहेर पडले म्हणून तेथे कोणी नवल करीत नाही.

तथापि भांडवलाने सामने जिंकले जात नाहीत, माणसे जिंकतात. आदल्या हंगामात मुंबईचे प्रशिक्षक असलेले चंद्रकांत पंडित विदर्भाकडे आले ते कडक शिस्त घेऊन. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावात ११६ धावांची आघाडी घेतली होती. तेथून विदर्भाने सामना अवघ्या पाच धावांनी खेचून आणला. स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा बळी घेतले, आणि अंतिम सामन्यात सलग तीन चेंडूंवर तीन. कर्णधार फैज फजलने हंगामात ९१२ धावा जमविल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरचे पहिले प्रथमश्रेणी शतक झळकले तेही अंतिम सामन्यातच. वासिम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकाचा, हे मान्य केलेच पाहिजे. पण भोवती घरचा संघ उभा नसता, तर दोन पाहुण्यांनी काय साधले असते?

याच सुमारास इंग्लंडमध्ये अशीच एक कथा घडली होती. लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबने २०१५-१६ साली तेथील सर्वोच्च साखळी जिंकली. हंगामापूर्वी सट्टेवाले त्याच्या अजिंक्यपदावर एकास पाच हजारांचा भाव देत होते. पुढे काय झाले ते अधिक बोधक आहे. मधल्या फळीचा आधारस्तंभ एन्गोलो कांते त्याच उन्हाळ्यात चेल्सीने विकत घेतला; रियाद महरेझ २०१८ साली मँचेस्टर सिटीकडे गेला. जेतेपदानंतर वर्षही पूर्ण होण्याआधी प्रशिक्षक रानिएरी यांना निरोप मिळाला, आणि २०२३ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला. जेथे खेळाडूंचा बाजार खुला असतो, तेथे दुर्बलाचे यश हीच त्याच्या मालाची जाहिरात ठरते आणि सबल गिऱ्हाईक दारात उभे राहते.

रणजीत असा बाजार जवळजवळ नाही. बाहेरचे खेळाडू घेण्यावर मर्यादा आहे. म्हणून विदर्भाचे भांडवल विदर्भातच मुरले. २०१८-१९ मध्ये सौराष्ट्राला हरवून त्यांनी करंडक राखला. पंडित पुढे गेले आणि २०२१-२२ साली मध्य प्रदेशालाही त्यांनी प्रथमच अजिंक्यपद मिळवून दिले. विदर्भ मात्र त्यांच्या जाण्याने कोसळला नाही. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध तिसऱ्यांदा करंडक मिळाला, तेव्हा कर्णधार होता तोच वाडकर. आणि हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला होता.

आता आपल्याकडे वळू. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली, तेव्हा कोकण ‘उर्वरित महाराष्ट्र’ या नावाखाली गेले. क्रिकेटचा नकाशाही तसाच आहे. डोलवीहून मुंबई जवळ. पण रायगड जिल्हा येतो पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे, त्यामुळे येथल्या मुलाची रणजीची वाट घाट चढून जाते. त्या महाराष्ट्र संघाने करंडक शेवटचा जिंकला तो प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली, १९४०-४१ साली! त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन हंगामांत अंतिम सामन्यात पराभवच पदरी आला.

इकडे भातकापणी उरकली की रिकाम्या शेतांत टेनिस चेंडूचे सामने रंगतात, बक्षिसे लागतात, ध्वनिक्षेपक गर्जतात. खेळाची हौस उदंड आहे. पण टेनिस चेंडूवर चौकार मारणारा मुलगा सीझन चेंडूसमोर कोठे उभा राहणार? पेणपासून रोह्यापर्यंत हिरवळीच्या खेळपट्ट्या किती, त्यांवर वर्षभर शिकविणारे पगारी प्रशिक्षक किती, आणि संघटनेच्या वार्षिक खर्चातील किती रुपये रायगडला येतात, हे तीन आकडे क्रीडाशिक्षकांनी व पालकांनी पुण्याकडे लेखी मागावेत.