कपाटातल्या सीडीत अडकलेला ‘अलिफ-बे’: जुने कॉम्प्युटर गेम आजच्या मशीनवर कसे उघडायचे?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतलं एक जुनं कपाट रिकामं करत होतो. हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली सीडींची एक डबी निघाली. त्यातल्या एका सीडीवर स्केचपेनने लिहिलेलं होतं, ‘उर्दू हुरूफ गेम’. बघितल्याबरोबर आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी पहिली-दुसरीची मुलं हा गेम खेळायला रांग लावायची. आगगाडी यायची, प्रत्येक डब्यावर एक हर्फ. काफ, ते, अलिफ, बे असे डबे बरोबर जोडले की ‘किताब’ तयार व्हायचा आणि एका बाईंचा आवाज यायचा, “शाबाश!”

चुकीचा डबा जोडला की गाडी हलायचीच नाही. उर्दू शिकवणाऱ्यांना यातली खुबी लगेच कळेल. आपला एकच हर्फ लफ्ज़च्या सुरुवातीला वेगळा दिसतो, मधे वेगळा आणि शेवटी वेगळा. फळ्यावर हे समजावता समजावता जीव जातो. त्या गेममध्ये मुलं ते खेळता खेळता शिकायची.

आता सीडी मिळाली, पण चालवायची कशावर? नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. एका ओळखीच्या दुकानातून जुना ड्राइव्ह आणला, सीडी घातली, फाइल दिसली. क्लिक केलं तर ब्राउझरने सांगितलं की हे आता चालत नाही. फाइल समोर, गेम आत, आणि दार बंद!

असं का होतं ते आधी समजून घेऊ.

हा गेम ‘फ्लॅश’मध्ये बनवलेला होता. साधारण 2000 ते 2015 या काळात इंटरनेटवरचे छोटे गेम, कार्टून आणि शाळांसाठी वाटल्या गेलेल्या कितीतरी ई-लर्निंग सीडी फ्लॅशमध्येच बनत. उर्दूसाठी तर त्याचा खास फायदा होता. फॉन्ट किंवा अक्षरांची चित्रं फाइलच्या आतच भरता येत. त्यामुळे मशीनमध्ये उर्दू असो वा नसो, हुरूफ बरोबर दिसायचे. पण फ्लॅश चालवणारा प्लेअर अ‍ॅडोबी कंपनीचा होता. सुरक्षेच्या तक्रारी वाढल्या, मोबाइलवर तो टिकला नाही, आणि कंपनीने 31 डिसेंबर 2020 ला तो बंद केला. 12 जानेवारी 2021 पासून त्या प्लेअरमध्ये फ्लॅशचा मजकूर चालणंही थांबवलं. म्हणजे आपली सीडी खराब झालेली नव्हती. ती वाचणारा निघून गेला होता.

त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. ‘रफल’ नावाचं एक सॉफ्टवेअर जगभरातल्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलंय. त्याला इम्युलेटर म्हणतात. इम्युलेटर म्हणजे तर्जुमान समजा. जुना प्रोग्राम त्याच्या जुन्या भाषेत बोलतो, इम्युलेटर ते आजच्या मशीनला समजेल असं करून सांगतो. सीडीतली ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एसडब्ल्यूएफ’ असतं ती लॅपटॉपवर कॉपी करायची, रफल उघडायचं आणि ती फाइल त्यात टाकायची. आमची गाडी पहिल्याच वेळी सुरू झाली. सगळेच गेम असे चालतील असं नाही, कारण फ्लॅशच्या नंतरच्या काळातल्या फाइली रफलला अजून पूर्णपणे जमत नाहीत. कधी सीडीत त्याच गेमची ‘ईएक्सई’ फाइलही असते. तिच्या आत प्लेअर भरलेला असला तर ती विंडोजवर आजही सरळ उघडू शकते. आधी ती करून बघा. मात्र जुन्या सीडीत व्हायरसही असतात, म्हणून अँटीव्हायरसने तपासल्याशिवाय ‘ईएक्सई’ला हात लावू नका.

आमच्या पिढीचे गेम त्याहून जुने. एमएस-सीआयटीचा क्लास असो की टायपिंगवाल्याचा एकुलता एक कॉम्प्युटर, सर बाहेर गेले की ‘डेव्ह’ सुरू व्हायचा, नाहीतर ‘प्रिन्स’. हे डॉसच्या काळातले गेम. आज ते सरळ का चालत नाहीत, याची दोन कारणं. एक म्हणजे ते 16-बिट प्रोग्राम आहेत, आणि 64-बिट विंडोज 16-बिट प्रोग्राम चालवतच नाही. विंडोज 11 तर फक्त 64-बिटमध्येच येतं. दुसरं कारण गमतीचं आहे. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीचा वेग होता 4.77 मेगाहर्ट्झ. त्या काळच्या बऱ्याच गेमची चाल मशीनच्या वेगावरच बांधलेली असायची. मशीन हजारपट वेगवान झालं की गेमही तसाच पळतो, आणि तुम्ही बोट उचलायच्या आत हिरो मेलेला असतो.

यासाठी ‘डॉसबॉक्स’ आहे, 2002 पासून मोफत मिळतो. तो लॅपटॉपच्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा करतो. कंट्रोल दाबून एफ-11 दाबलं की वेग कमी, एफ-12 दाबलं की जास्त. आणि काही उतरवून घ्यायचंच नसेल तर इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेच्या साइटवर डॉसचे गेम ब्राउझरमध्येच चालतात. जानेवारी 2015 मध्ये त्यांनी असे सुमारे 2,400 गेम एकदम खुले केले.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा किस्सा इथे सांगायलाच हवा. जालिम वज़ीर जाफर, कैदेतली शहजादी, तळघरातून पळणारा तरुण, असं सगळं अलिफ लैलाच्या थाटातलं. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो बनवला आणि 1989 मध्ये अ‍ॅपल-2 या कॉम्प्युटरवर तो आला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ काढले आणि त्यावरून प्रिन्सची चाल बनवली. संगीत वडिलांचं. एवढा गाजलेला गेम, पण त्याचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामरने हाताने लिहिलेला मजकूर, हरवलेला होता. 2012 मध्ये वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या, त्यात तो निघाला. जुन्या मशीनच्या जाणकारांना बोलावून त्या वाचल्या गेल्या आणि मेकनरने कोड सगळ्यांना पाहण्यासाठी खुला केला. जगप्रसिद्ध गेमची ही गत, तर आपल्या हुरूफच्या गेमचं काय?

माझी खरी काळजी हीच आहे. मारिओ कुठे जात नाही, त्याची कंपनी जिवंत आहे, ती तोच गेम पुन्हा पुन्हा विकते. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली. तिथे 2010 च्या आधी निघालेल्या गेमपैकी 100 तले 87 बाजारात मिळतच नाहीत, असं त्यात दिसलं. ही गत श्रीमंत देशाच्या, इंग्रजी बाजाराच्या गेमची. उर्दू किंवा मराठी मुलांसाठी कुणा शिक्षकाने रात्री जागून बनवलेल्या गेमला ना कंपनी, ना दुकान, ना नाव. तो तुमच्या-माझ्या कपाटात असेल तर आहे, नाहीतर नाही.

मोबाइलचे जावा गेम तर त्याहून नाजूक. मुंबईत विशाल गोंडल यांनी 1999 मध्ये सुरू केलेली इंडियागेम्स अशा गेमसाठी ओळखली जायची. पुढे ती डिस्नेकडे गेली. या गेमना सीडी नव्हती, डबी नव्हती. पैसे कापून थेट हँडसेटवर यायचे आणि हँडसेटबरोबर भंगारात जायचे. मोहल्ल्यातली पोरं ब्लूटूथने एकमेकांना द्यायची, तेवढीच त्यांची नक्कल. घरात जुना कीपॅड फोन असेल तर त्याचं मेमरी कार्ड फेकण्याआधी बघा. शेवटी ‘जार’ लिहिलेली फाइल म्हणजे जावा गेम. ‘जे-टू-एम-ई लोडर’ हे अ‍ॅप अँड्रॉइडवर तो चालवतं.

वाट बघत बसू नका, हे मात्र बजावून सांगतो. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा एक थर असतो, उन्हाने आणि गरमीने तो खराब होतो. आपल्या जिंतूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात सीडी किती टिकणार? फ्लॉपीला बुरशी धरते. मऊ सुती कपड्याने सीडी मधून बाहेरच्या बाजूला पुसा, गोल गोल नको. मग एकेक फाइल न उचलता पूर्ण सीडीची ‘आयएसओ’ नक्कल काढा, कारण कोणती फाइल कशाला लागते हे आपल्याला ठाऊक नसतं. एक नक्कल पेनड्राइव्हवर, दुसरी दुसऱ्याच्या घरी किंवा ऑनलाइन. सीडीच्या कव्हरचा आणि तिच्यावरच्या हस्ताक्षराचाही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

एका पालकांनी विचारलं, “सर, हे जायज आहे का?” सवाल बरोबर आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 प्रमाणे, ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या आहे तो नुकसान होऊ नये म्हणून बॅकअप ठेवू शकतो. बॅकअप ठेवणं एक आणि गावभर वाटणं दुसरं. गेम जुना झाला, कंपनी बंद पडली, म्हणून हक्क संपत नाही. इंटरनॅशनल इस्लामिक फिक्ह अकॅडमीनेही 1988 च्या कुवेत बैठकीत लेखन आणि शोधाचे हक्क शरीअतनुसार संरक्षित मानलेत. बारीक मसला आपल्या मौलानांना विचारा. माझं मत साधं आहे: दुसऱ्याची मेहनत आपल्याकडे अमानत आहे. ती जपायची, विकायची नाही, आणि बनवणारा सापडला तर त्याची इजाज़त घ्यायची.

आम्ही बनवणाऱ्याला शोधतोय. सीडीवर नाव नाही, गेमच्या शेवटीही नाही. माझा एक जुना विद्यार्थी, जो स्वतः हाच गेम खेळून हुरूफ शिकला आणि आता डिप्लोमा करतोय, त्याने पूर्ण सीडीची नक्कल काढून दिली. जूनमध्ये पहिलीच्या मुलांना गाडी दाखवली. एक मुलगा स्क्रीनला बोट लावून डबे ढकलत होता. त्याला माउस माहीतच नव्हता, तो आधी शिकवावा लागला.

तो “शाबाश!”चा आवाज कोणत्या मॅडमचा आहे हे कुणी ओळखत असेल, तर शाळेत येऊन जरूर सांगा.