नामदार गोखले आणि सरकारी खर्चाचे माप

राष्ट्रीय उत्पन्नातील किती हिस्सा सरकारच्या हातून खर्च व्हावा, या प्रश्नाला अर्थशास्त्राने आजवर सर्वमान्य आकडा दिलेला नाही. फ्रान्समध्ये हा हिस्सा निम्म्याहून अधिक आहे, सिंगापुरात तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहतो, आणि आपल्याकडे केंद्र व राज्ये यांचा खर्च एकत्र धरला तर तो शेकडा 30 च्या जवळपास भरतो; परंतु यांपैकी योग्य कोणता, हे केवळ टक्केवारीवरून ठरवू पाहणाऱ्याने नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची अर्थसंकल्पावरील भाषणे एकवार अवश्य वाचावीत, असे मला मनापासून वाटते.

26 मार्च 1902 रोजी, लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखालील कायदेमंडळात गोखले अर्थसंकल्पावर प्रथमच बोलावयास उभे राहिले, तेव्हा सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. प्लेगने आणि लागोपाठच्या दोन भीषण दुष्काळांनी मुलूख उद्ध्वस्त झालेला असताना ही शिल्लक आली कोठून? गोखल्यांनी सारा जमाखर्चच उलगडून दाखविला. विलायतेस दरसाल पौंडांत मोठी रक्कम रवाना करावी लागे. रुपया घसरू लागला तसे त्या रकमेसाठी अधिकाधिक रुपये लागू लागले आणि करही चढत गेले. पुढे टांकसाळी बंद करून 13 पेन्सांपर्यंत उतरलेला रुपया 16 पेन्सांवर आणल्यानंतर ती निकड ओसरली, कर मात्र जागच्या जागी राहिले. दुष्काळातल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक वसूल केलेला पैसाच शिल्लक म्हणून मिरवत होता.

यांत मिठावरील कर सर्वांत जाचक. 1888 मध्ये तो मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला होता. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, आणि मण चाळीस शेरांचा. तेव्हा शेरामागे एक आणा सरकारजमा झाल्याखेरीज मीठ कोणाच्याही घरात येत नसे, मग ते घर सावकाराचे असो की भूमिहीन मजुराचे. माणसी वर्षाला वीस रत्तल मीठ हवे, असे वैद्यकशास्त्र सांगत असता येथे दहा रत्तलही खपत नाही, हे गोखल्यांनी सभागृहापुढे ठेविले. दुसऱ्याच वर्षी हा कर दोन रुपयांवर आला आणि 1907 पर्यंत एका रुपयावर उतरला.

करकपातीसाठी असा झगडणारा हाच पुरुष 16 मार्च 1911 रोजी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडतो, सरकारने त्याकरिता मोठा खर्च सोसावा असा आग्रह धरतो आणि प्रसंगी आयातीवरील जकात वाढविण्यासही संमती देतो. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. मला ती मुळीच वाटत नाही. पैसा कोणाकडून घेतला जातो आणि घेतल्यावर त्याच्या पदरात काय परत पडते, हीच कसोटी त्यांनी दोन्ही वेळी लावली. लष्कराकडे आणि विलायतेकडे वाहणारा पैसा रयतेकडे परतत नव्हता, गावच्या शाळेत घातलेला मात्र तिच्याच मुलांपर्यंत पोहोचणार होता. शिवाय हे स्वप्नरंजन नव्हते. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली महालात सक्तीचे शिक्षण सुरू करून 1906 मध्ये ते बडोदे संस्थानभर नेले होते, आणि जे एका संस्थानाला झेपले ते साम्राज्याला झेपू नये, हे पटण्यासारखे नव्हते. तरीही मार्च 1912 मध्ये ते विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्यक्षात लागू व्हावयास 1 एप्रिल 2010 उजाडला. कोठारी आयोगाने 1966 मध्ये शिक्षणासाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा 6 हिस्सा मागितला होता. तो पल्ला आपण अजून गाठलेला नाही, आणि सरकारचा एकूण खर्च फार झाला की थोडा, या वादात उतरण्यापूर्वी ही बाकी चुकती व्हावी, अशी माझी मागणी आहे.