स्काउटला बंद झालेली दारे

'टू किल अ मॉकिंगबर्ड' हा १९६२ सालचा अमेरिकन चित्रपट. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर बलात्काराचा खोटा आळ येतो आणि ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याचे वकीलपत्र घेतो. सारी हकीकत आपण पाहतो ती ॲटिकसच्या लहान मुलीच्या, स्काउटच्या, नजरेने. ते काम केले मेरी बॅडम यांनी. तेव्हा त्या अवघ्या ९ वर्षांच्या. अभिनयाचा अनुभव शून्य!

मेरीबाई त्या दिवसांविषयी फार मायेने बोलतात. भावाचे काम करणारा फिलिप ऑलफर्ड बोलू लागला की या पोरीचे ओठही त्याच्या वाक्यांवर हलायचे. पुन्हा पुन्हा शॉट घ्यावा लागे. चिडलेल्या फिलिपने एकदा टायरमध्ये बसलेल्या मेरीला सरळ सामानाच्या ट्रककडे ढकलून दिले. (आपल्या वस्तीतली पोरे टायर काठीने पळवतात, तिकडे आत बसायचे!) शेवटच्या दिवशी, हे सारे संपू नये म्हणून ती मुद्दाम वाक्ये चुकू लागली. आईने बाजूला नेऊन दटावले, तेव्हा कुठे काम पुरे झाले.

सुट्टीत ती ॲटिकस झालेल्या ग्रेगरी पेक यांच्या घरी खेळायला जाई. पेक यांना या कामासाठी ऑस्कर मिळाले. मेरीचे आईवडील गेल्यावरही ते तिची विचारपूस करीत राहिले. २००३ साली पेक वारले, तोवर ती त्यांना 'ॲटिकस' म्हणे आणि ते तिला 'स्काउट'. टॉम झालेले ब्रॉक पीटर्स न्यायालयाच्या प्रसंगात खरोखर रडत. त्यांच्याशीही तिचा स्नेह टिकला.

पण मेरीचे गाव अलाबामातले बर्मिंगहॅम. तिथे काळा माणूस गोऱ्याच्या घरात पुढच्या दाराने येऊ शकत नसे. (मागच्या दाराचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.) लॉस एंजेलिसला मात्र नाना वर्णांचे लोक तिचे शेजारी होते. चित्रपट करून ती परतली, तर पूर्वी जिथे सहज जात असे, त्यातली काही घरे तिला बंद झाली. दहा वर्षांच्या पोरीला! त्याच शहरात १५ सप्टेंबर १९६३ रोजी चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली ठार झाल्या. तेव्हा मेरीचे अकरावे वर्ष सरत होते.

२०२२ साली याच कथेच्या नाटकाच्या दौऱ्यात मेरीबाई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी काम होते मिसेस डुबोजचे, काळ्यांविषयी नाही नाही ते बोलणाऱ्या शेजारच्या म्हातारीचे. अशा म्हाताऱ्या त्यांनी बर्मिंगहॅममध्ये लहानपणी पुष्कळ पाहिल्या असणार.