काळ्या रबरावर किती विसंबावे?

उसाला पाणी देण्याची पाळी बहुधा रात्री येते. मोटार सुरू होत नाही म्हणून शेतकरी चिखल तुडवीत स्टार्टरपाशी जातो. पायांत गमबूट आहेत, तेव्हा विजेचे भय नाही, अशी त्याची समजूत असते. विद्युत पंपावर भिजणारा ऊस लखनौकडचा असो वा पंचगंगाकाठचा, हा प्रसंग नवा नाही. समजूत मात्र अर्धीच खरी आहे.

शुद्ध नैसर्गिक रबर उत्तम विद्युतरोधक होय. त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्यांत मोकळेपणी वाहू शकणारे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच. परंतु टायरसारख्या वस्तूंचे रबर झिजू नये म्हणून त्यात काजळी, म्हणजेच कार्बन ब्लॅक, मिसळतात आणि काजळी वीजवाहक असते. तिचे प्रमाण अल्प असेतो कण सुटे राहतात. एका मर्यादेपलीकडे ते परस्परांना भिडतात, त्यांची साखळी जुळते आणि रबराचा रोध एकाएकी कित्येक पटींनी घसरतो. धान्याची धूळ उडते तेथील वाहक पट्ट्यांत स्थिरविद्युत निचरून जावी म्हणून हाच गुण मुद्दाम आणतात. डोळ्यांना मात्र सगळे रबर सारखेच काळे दिसते. त्यामुळे जुन्या टायरच्या तुकड्यावर उभे राहून फ्यूज बदलणे हा निव्वळ जुगार आहे.

साधा गमबूट पाणी अडवण्यासाठी विकला जातो. विद्युतदाबाची चाचणी त्याने दिलेली नसते. काटा रुतून पडलेले बारीक छिद्र आणि आत ओला मोजा, एवढे पुरते. हातमोजे आयएस ४७७० आणि चटई आयएस १५६५२ या मानकांचीच घ्यावी. मोज्याचे तोंड गुंडाळून आत हवा कोंडावी. हवा निसटली तर तो बाद. अर्थात, आधी मुख्य स्विच बंद करायचा, मोजे त्यानंतर.

रबराचे आणखी एक वैगुण्य विस्तार कार्यकर्त्यांकडूनही दुर्लक्षित राहते. ताणलेल्या स्थितीत ते हवेतील ओझोनमुळे तडकते आणि भेगा ताणाच्या आडव्या दिशेने पडतात. खांबावरून ओढून बांधलेली रबरी केबल म्हणूनच वळणाशी तपासावी.

पाण्याखालच्या जोडाला साधी चिकटपट्टी टिकत नाही. ताणून गुंडाळल्यावर थर एकजीव होतात अशी रबरी टेप तेथे वापरावी. मग जोड बादलीभर पाण्यात बुडवून वायरमनकडून मेगरने रोध मोजून घ्यावा. तो एक मेगाओमहून कमी भरला तर जोड उकलून पुन्हा करावा.