जिराफाचे कुरण आणि आपला नांगर



केनियाच्या सहलीचा शेवटचा दिवस होता. नैरोबीजवळच्या जिराफ केंद्रात उंच ओट्यावर उभा राहून तळहातावर खाद्याच्या गोळ्या धरल्या. तोच हातभर लांब, काळसर जीभ आली आणि गोळ्या उचलून गेली! हाच प्राणी बाभळीच्या कुळातील काटेरी झाडांचा पाला ओरबाडतो आणि आपल्या गाईसारखा निवांत रवंथ करतो. मान एवढी लांब, पण मणके आपल्याइतकेच, सात.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. १९७०च्या दशकात पश्चिम केनियातले एक मोठे कुरण शेतीसाठी वाटायचे ठरले. रॉथशिल्ड जातीचे जिराफ तिथेच चरत. देशात ते जेमतेम १३० उरले होते. १९७४ साली एका दांपत्याने त्यांतले एक पिल्लू घरी आणून वाढवले. पुढे काही कळप राष्ट्रीय उद्यानांत हलवले, म्हणून जात टिकली.

जमीन मागणाऱ्या कुटुंबांचा यात दोष नव्हता. पोट सर्वांनाच आहे. मीही नोकरीभर 'पडीक जमीन लागवडीखाली आणा' हेच सांगत आलो. आता त्यात एवढेच जोडतो: नांगर घालण्यापूर्वी तिथे कोण चरते ते पाहा, आणि बांधावरची एखादी बाभूळ राहू द्या.